कमलाबाईंचा बटाटा

२०२५ ची महाशिवरात्र बुधवारी आली होती. म्हणजे गंगेवरचा बुधवारचा बाजार आणि उपासाची गर्दी एकाच दिवशी. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. बाहेरगावच्या पाहुण्याला ‘जरा गंगेवर जाऊन येते’ म्हटलं की तो बिचारा किती दिवसांसाठी, असं विचारतो.) जिकडे बघावं तिकडे रताळ्यांचे ढीग, आणि मी आपली बटाटे निवडत बसलेली. एकेक उचलायचा, दाबून बघायचा, कोंब फुटलेला बाजूला ठेवायचा. भाजीवाल्या मावशींनी थोडा वेळ सोसलं, मग म्हणाल्या, "बाई, खिचडीतच घालायचेत ना? मग मुलगी बघायला आल्यासारखं काय चाललंय?"

"खिचडीत नाही हो. शाळेत न्यायचेत, प्रयोगाला."

"मग हे दोन असेच न्या," म्हणत त्यांनी मी बाजूला काढलेले कोंबवाले दोन बटाटे माझ्याच पिशवीत टाकले. "पोरांना काय कळतंय!"

पोरांना काय कळतं, याचा मला आलेला अनुभव वेगळा आहे. त्या अनुभवापायीच तर मी बटाटे घेत होते.

परवावर २८ फेब्रुवारी होता. राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच तारखेला सी. व्ही. रामन यांनी आपला प्रकाशाच्या विकिरणाचा शोध जाहीर केला, १९३० साली त्यांना नोबेल मिळालं, आणि १९८७ पासून आपण हा दिवस साजरा करतो. मी ३३ वर्षं ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक २८ फेब्रुवारीला फळ्यावर तेच रंगीत खडूचं प्रिझम, तोच रामन यांचा फेटेवाला फोटो, तोच समुद्राच्या निळेपणाचा किस्सा. निवृत्त झाले तरी कुठली ना कुठली शाळा बोलावतेच. फुकट येणारा वक्ता कुणाला नको असतो?

२०१९ साली असंच एका मुलींच्या शाळेत बोलावणं आलं. तेव्हा मी नुकतंच कमला सोहोनी यांच्याबद्दल वाचलेलं होतं आणि नव्या नवसाची भक्तीण असते तशी माझी अवस्था होती. खरं तर लाजच वाटायला हवी होती. दुर्गाबाई भागवत मी कॉलेजपासून वाचत आलेय, आणीबाणीत त्या कशा उभ्या राहिल्या हे कुणालाही झोपेतून उठवून सांगेन, पण त्यांची सख्खी धाकटी बहीण कमला बायोकेमिस्ट होती, केम्ब्रिजची पीएचडी होती, हे मला, केमिस्ट्रीच्या बाईला, पन्नाशी उलटल्यावर कळलं.

तर त्या दिवशी मी रामन यांच्याच दिवशी रामन यांचीच ती गोष्ट सांगितली. तुम्हीही ती ऐकली असेल. १९३३ साल. कमला भागवत मुंबई विद्यापीठात पहिली येऊन बीएस्सी झालेली. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. घरातली वाटच ती, तेव्हा मुलीनंही तिथेच अर्ज केला. संस्थेचे संचालक रामन. त्यांनी अर्ज फेटाळला, कारण अर्जदार मुलगी. वडिलांनी आणि काकांनी शब्द टाकून पाहिला, उपयोग झाला नाही. मग बाई स्वतः बंगळूरला गेल्या, रामन यांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या, कारण विचारलं आणि सत्याग्रहाची तयारी दाखवली. शेवटी प्रवेश मिळाला, पण तीन अटींवर. वर्षभर उमेदवारी, नियमित विद्यार्थी म्हणून नोंद नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-बेरात्रीही काम करायचं. आणि तिसरी अट, प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडवायचं नाही.

तिसऱ्या अटीवर हशा आला. हशा येतोच, मला ठाऊक होतं, म्हणूनच मी तिथे थांबले होते. मग वर्षभरानं रामन यांचं समाधान झालं, संस्थेची दारं मुलींना उघडली, टाळ्या. मी खूश. एवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या, दोन वेण्यांच्या एका मुलीनं हात वर केला.

"बाई, मग आत जाऊन त्यांनी केलं काय?"

मी म्हटलं, "सायटोक्रोम सी. वनस्पतींमधलं." आणि पुढे काही सुचेना म्हणून ‘वेळ होत आलीय’ असं म्हणून आभारप्रदर्शनाकडे वळले. त्या मुलीनं वहीत ‘सायटोक्रोम सी’ लिहून घेतलं आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मी स्टेजवरून बघितलं ते.

रिक्षानं घरी येईपर्यंत मला एवढंच जाणवत होतं की बाईंना दाराबाहेर किती वेळ उभं केलं, हे मला पाठ आहे, आणि दाराच्या आत त्यांनी उभं आयुष्य काय केलं, हे मला माहीत नाही. मी तरी काय, आपण सगळेच. त्यांच्यावर मराठीत येणारे लेख काढून बघा. निम्म्याहून अधिक जागा रामन खातात. अपमान केला त्यानंही तिथे मध्यभागी बसायचं, ही भलतीच सोय आहे.

मग मी वाचायला बसले. वाचायला बसले म्हणजे काय, तर मुलाकडून जुने शोधनिबंध कसे शोधायचे ते शिकून घेतलं आणि चष्म्याचा नंबर वाढवून घेतला.

बंगळूरमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते श्रीनिवासय्या. कडक माणूस, पण मन लावून शिकवणारा. तिथे कमलाबाईंनी दूध, डाळी, कडधान्यं यांतली प्रथिनं वेगळी काढून त्यांचा अभ्यास केला. हे वाचायला किरकोळ वाटतं. पण १९३० च्या दशकात गरीब माणसाच्या ताटात मांसमच्छी कमी आणि डाळ हेच काय ते प्रथिन, तर त्या डाळीत नेमकं आहे काय, हा प्रश्न प्रयोगशाळेत आणणं साधं नव्हतं. १९३६ साली एमएस्सी झाली आणि १९३७ साली त्या केम्ब्रिजला गेल्या, न्यूनहॅम कॉलेजात. जीवरसायनाच्या विभागाचे प्रमुख फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळवलेले. बंगळूरला दार बंद करणारे नोबेलवाले आणि इथे दार उघडणारेही नोबेलवालेच, असं एक वाक्य मी भाषणासाठी लिहून ठेवलं होतं. नंतर खोडलं. पुन्हा दारच आलं की!

तिथे आधी डेरेक रिश्टर यांच्याबरोबर त्यांनी प्राण्यांमधल्या फिनोलेज नावाच्या विकरांवर काम केलं. विकर म्हणजे मुलांच्या भाषेत एन्झाईम. रिश्टर दुसरीकडे कामाला गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. अकरावी-बारावीला ज्यांनी प्रकाशसंश्लेषण घोकलंय त्यांना हिल अभिक्रिया आठवेल, तेच हे हिल. आणि इथे आमचा बटाटा येतो.

बटाट्याचं दुखणं काय ते सांगते. तुम्ही-आम्ही जेवतो, त्यातली ऊर्जा पेशी एकदम भडका करून काढत नाही. ती टप्प्याटप्प्यानं काढते. नाशिकच्या माणसाला हे समजवायला मला सोपं पडतं. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडतात, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आलं की भांडी बाजारात धांदल उडते. दुकानातून रस्त्यापर्यंत माणसांची रांग लागते आणि घागरी, पातेली, कळश्या हातोहात पुढे जातात. शेवटचा माणूस टेम्पोत चढवतो. पेशीतही अशीच रांग असते. लोह असलेल्या प्रथिनांची. भांड्यांच्या जागी इलेक्ट्रॉन. सायटोक्रोम सी हा त्या रांगेतला शेवटून दुसरा माणूस समजा, सायटोक्रोम ऑक्सिडेज हा शेवटचा, आणि टेम्पो म्हणजे आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन. त्या शेवटच्या माणसाचे हात कुणी घट्ट धरले तर? पाठीमागची सगळी रांग हातात भांडी घेऊन खोळंबते. सायनाईडनं माणूस मरतो तो असा. फुप्फुसात हवा असते, रक्तात ऑक्सिजन असतो, टेम्पो दारात उभा असतो, चढवणाऱ्याचे हात तेवढे बांधलेले.

आता सगळीकडे लिहिलेलं असतं की कमलाबाईंनी वनस्पतींमध्ये सायटोक्रोम शोधलं. मीही तसंच सांगितलं होतं. पण १९२५ साली केम्ब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी हा रंगीत पदार्थ प्राण्यांत, यीस्टमध्ये आणि वनस्पतींतही असल्याचं दाखवलं होतं, त्याला ते नाव देऊन. मग कमलाबाईंनी काय केलं? प्रश्न होता तो रांगेतल्या शेवटच्या माणसाचा. प्राण्यांत तो आहे, यीस्टमध्ये आहे, पण फुलं येणाऱ्या झाडांच्या साध्या पेशीत तो आहे की झाडांनी दुसराच गडी ठेवलाय? संशय एका ठरावीक विकरावर होता. बटाटा चिरून ठेवला की काळा पडतो ना, तो ज्याच्यामुळे पडतो ते, म्हणजे पुन्हा फिनोलेजच्या घराण्यातलं. बटाट्याच्या श्वासामागे हाच आहे की सायटोक्रोमवाला, हा त्या काळी भांडणाचा विषय होता. आणि फिनोलेजवर हात बसलेली एक मुलगी नेमकी त्याच बाकावर येऊन बसली. हे मला फार आवडतं. दैव वगैरे नव्हे, हातातलं जुनं काम नव्या कामाला असं उपयोगी पडतं.

१९३९ साली ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण आलं. विषय, सपुष्प वनस्पतींमधलं सायटोक्रोम ऑक्सिडेज. लेखक, आर. हिल आणि के. भागवत. बटाटा आणि तुम्ही-आम्ही एकाच रांगेतले निघालो.

‘के. भागवत’ या दोन शब्दांकडे मी बराच वेळ बघत बसले होते. त्यात मुलगी नाही, साडी नाही, हिंदुस्थान नाही, अपमान नाही. बटाट्यावर ज्याला वाद घालायचा असेल त्यानं के. भागवत यांच्याशी घालावा.

त्याच वर्षी पीएचडी मिळाली. प्रबंध ४० पानांचा. पुन्हा वाचा, ४०. कॉलेज रोडवर बाइंडिंगच्या दुकानात कधी गेलात तर सोनेरी अक्षरांचे काळे प्रबंध उशाला घेऊन झोपता येईल इतके जाड दिसतील. मी काय म्हणतेय ते समजून घ्या, माझ्या ओळखीतले लोक हा ब्लॉग वाचतात. बाईंना विज्ञानातली पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणतात. त्याआधी १९३१ साली जानकी अम्मल यांनी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली होती, वनस्पतिशास्त्रात. पहिली कोण यावर दोन बायकांना समोरासमोर बसवण्यात मला रस नाही. दोघींनाही शर्यत ठाऊक नव्हती.

रात्रीच्या अटीबद्दल मात्र मला थांबावंच लागतं, कारण तिथे माझं स्वतःचं एक ठसठसणारं आहे.

मी १९८८ साली पुणे विद्यापीठाची एमएस्सी झाले, ऑरगॅनिकमध्ये. नाशिकची कॉलेजं तेव्हा पुण्यालाच जोडलेली होती. इकडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलची जागा निघाली. वर्गातले चौघं मुलगे आणि मी, असे पाच जण मुलाखतीला गेलो. त्यांनी टायट्रेशन करून दाखवायला सांगितलं. थेंब थेंब द्रावण सोडायचं आणि रंग बदलताक्षणी थांबायचं, तो एंड पॉइंट. रंग जितका फिकट, तितका हात अचूक. माझा एंड पॉइंट पाचांत सगळ्यात फिकट गुलाबी होता, एका थेंबावर धरलेला. तोंडी परीक्षाही छान झाली. मग समोरच्या साहेबांनी माझ्यासाठी चहा मागवला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. नोकरी द्यायची असते त्याला चहा विचारत नाहीत, जेवणाचा डबा कुठे खाणार ते विचारतात.

"मॅडम, तुमचं काम उत्तम आहे," ते म्हणाले, "पण इथे तीन शिफ्ट चालतात. रात्री बायकांना ठेवता येत नाही, कायदा आहे. मग तुमच्या वाटची रात्रपाळी दुसऱ्यानं करायची का?"

कायदा खरंच होता. १९४८ चा कारखाना कायदा, कलम ६६. संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळात कारखान्यात बायकांना कामाला लावायचं नाही. बायकांचं भलं व्हावं म्हणून केलेला. ती जागा आमच्यातल्या एकाला मिळाली. त्याचा एंड पॉइंट राणी रंगाचा होता.

१९३३ साली एका मुलीला सांगितलं की रात्री काम करशील तर ये. १९८८ साली दुसरीला सांगितलं की रात्री काम करता येणार नाही, तर येऊ नकोस. रात्र तीच. मी तेव्हा रडले नाही, सत्याग्रह तर मनातही आला नाही. चहा प्यायले, बिस्किटही खाल्लं, शहर बसनं घरी आले आणि दोन वर्षांनी कॉलेजात लागले. शिकवणं मला आवडलं. पण कधी कधी प्रॅक्टिकलला एखाद्या मुलीचा एंड पॉइंट तसा फिकट, कडेला थरथरणारा गुलाबी दिसला की मी तिच्या जर्नलवर सही करताना उगीचच पेन जोरात दाबते. दाबायचे.

असो. कमलाबाई १९३९ साली परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनाचा विभाग, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, तिथे सहायक संचालक. १९४७ साली लग्न, यजमान मा. वि. सोहोनी हे विमागणिती, आणि मुंबई. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. पुढे संचालकही झाल्या, पण हक्काच्या वेळेपेक्षा चार वर्षं उशिरा. बघा, पुन्हा दार. या चार वर्षांबद्दल मी एवढंच लिहिणार आहे.

कारण मला वालाकडे यायचंय.

माझी आई कडधान्यांच्या बाबतीत फार कडक होती. मटकी रात्री भिजायची, सकाळी उपसायची, पांढऱ्या पंच्यात घट्ट बांधून डब्यात, वर वरवंटा. दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं की मोड त्या कापडाच्या विणीतून बाहेर आलेले असत आणि ते सोडवताना चर्र चर्र असा बारीक आवाज यायचा. मला तो आवाज अजून आवडतो. नाशिकमध्ये रविवारी सकाळी मिसळ खायला निघालेल्या गाड्यांची रांग बघते तेव्हा मला रस्सा-तर्री आठवत नाही, तो आवाज आठवतो. वाल असले तर भिजवून, मोड आणून, सोलून डाळिंब्या करायच्या. सोलता सोलता आम्ही पोरं तोंडात टाकायला गेलो की हातावर फटका. "कच्चे वाल बाधतात." का बाधतात, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. तिच्या आईनंही फटकाच मारलेला असणार.

उत्तर कमलाबाईंच्या प्रयोगशाळेत होतं. वालाच्या दाण्यात एक प्रथिन असतं, ते आपल्या पोटातल्या ट्रिप्सिनला जाऊन चिकटतं. ट्रिप्सिन म्हणजे स्वादुपिंडातून लहान आतड्यात येणारी कात्री. प्रथिनांचे तुकडे करते, मग ते अंगी लागतात. दाण्यातलं हे प्रथिन त्या कात्रीच्या पात्यांत अडसर घालतं. म्हणजे वालात प्रथिनं भरपूर, पण ती पचू न देण्याची व्यवस्थाही वालातच. बिचाऱ्या दाण्याचं काय चुकलं? त्याला उगवायचं असतं, आपल्या उसळीत जायचं नसतं. कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १९५० च्या दशकात आपल्या भाज्या-कडधान्यांत हे अडसर कुठे कुठे आहेत ते तपासत नेलं, आणि वालातून आणि डबल बीमधून ते स्फटिकाच्या रूपात वेगळे काढले. १९५५ साली ‘नेचर’मध्ये तो निबंध आला. त्यात लेखिकेचं नाव के. सोहोनी.

स्फटिकरूपात काढणं म्हणजे काय, ते केमिस्ट्रीवाल्यांना विचारा. प्रथिन ही लोण्यासारखी लहरी वस्तू. जरा ऊन लागलं की गेली, जरा आम्ल जास्त झालं की फाटली. वालाच्या पिठाचा गढूळ चोथा गाळत, क्षार घालत, थंडीत ठेवत, पुन्हा गाळत, एक दिवस काचेच्या तळाला काहीतरी चमकतं. त्या चमकण्यासाठी माणसं वर्षं घालवतात. हा अडसर चांगल्या शिजवण्यानं बराचसा निकामी होतो. म्हणजे आईचा फटका शास्त्रशुद्ध होता. तिला हे सांगायला ती असायला हवी होती. ती म्हणाली असती, "मग एवढं शिकून तेच सांगितलं ना त्यांनी?"

नीरेचं काम त्यांनी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून हाती घेतलं, बरीच वर्षं केलं आणि त्याला राष्ट्रपतींचं पारितोषिकही मिळालं. नीरा उजाडताना प्यायली तर ठीक, ऊन चढलं की आंबते. अशा चंचल रसात जीवनसत्त्वं आणि लोह किती, आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना ती दिली तर काय फरक पडतो, हे त्यांनी तपासलं. फरक पडला. आरे दूध प्रकल्पाला दूध नासू नये म्हणून सल्ला दिला. आणि निवृत्तीनंतर, जेव्हा लोक नातवंडं खेळवतात, तेव्हा त्या मुंबईच्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेत भेसळीमागे लागल्या, १९८२-८३ साली तिच्या अध्यक्षही होत्या. दूध, वाल, नीरा, भेसळ. सगळं ताटातलं. १९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्यांचा सत्कार ठेवला होता, तिथेच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

तर २८ फेब्रुवारी. शुक्रवार. सिडकोतली एक शाळा, नववीचा वर्ग, मुलं-मुली मिळून साठेक. टेबलावर रामन यांचा फ्रेमवाला फोटो, झेंडूचा हार, समई. कमलाबाईंचा फोटो शाळेत कुठून असणार? मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून साध्या कागदावर काढून आणला होता. तो फळ्याला सेलोटेपनं चिकटवला तर पंख्याच्या वाऱ्यानं त्याचं एक टोक सारखं फडफडत होतं. शिपाई मामांनी एका हारातली दोन फुलं काढून खाली खडूच्या पट्टीवर ठेवली. मी काही बोलले नाही.

रामन यांची गोष्ट मी दीड मिनिटात उरकली. तीन अटी सांगितल्या, तिसरीवर न थांबता पुढे गेले. हशा यायच्या आत बटाटा काढला.

दोन परीक्षानळ्या. एकीत कच्च्या बटाट्याचे तुकडे, दुसरीत उकडलेल्याचे. दोन्हींत केमिस्टकडचं जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साईड. कच्च्यावर क्षणात फेस. पांढरा, चढता, नळीच्या तोंडाशी आलेला. समईजवळची उदबत्ती घेतली, फुंकून नुसता निखारा ठेवला आणि हळूच नळीत सोडली. भक्कन पेटली. मागच्या बाकावरचे उभे राहिले. उकडलेल्या बटाट्याच्या नळीत सामसूम.

मी सांगून टाकलं की हे कॅटॅलेज आहे, पेरॉक्साईड फोडून ऑक्सिजन सोडणारं विकर, कमलाबाईंचं सायटोक्रोम ऑक्सिडेज नव्हे. त्यांचं काम बघायला लागणारी यंत्रं आपल्याकडे नाहीत. पण दोन्हींच्या पोटात लोह आहे, दोघंही त्याच बटाट्यात राहतात, तेव्हा चुलतभाऊ समजा. मग पोरांची रांग करून खडूचे डबे हातोहात पाठवले, भांडी बाजार केला, शेवटच्या मुलाचे हात धरून सायनाईड केलं. वर्ग डोक्यावर घेतला त्यांनी. शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन बघून गेल्या. वातावरण पुरतं बिघडलं होतं.

शेवटी प्रश्न विचारा म्हटलं. एक मुलगा म्हणाला, चहा घेतलाय का बाई तुम्ही? त्याला बसवला. मग खिडकीपाशी बसलेली, इतका वेळ गप्प असलेली एक मुलगी उठली.

"बाई, उकडलेला बटाटा मेलेला असतो का?"

वर्ग हसला. ती बसली नाही.

मी म्हणाले, "तुला काय वाटतं?"

"मग कच्चा जिवंत असतो? बाजारातला? पोत्यातला? चिरल्यावर पण?"

पिशवीत मावशींनी टाकलेले दोन कोंबवाले बटाटे होते. त्यातला एक तिला तसाच दिला, दुसरा शिपाई मामांच्या शेगडीवर उकडून दिला. म्हटलं, दोन्ही माती घालून लाव आणि काय होतं ते मला कळव. तिनं दोन्ही बटाटे दप्तराच्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले.

तीनेक आठवड्यांनी त्यांच्या वर्गशिक्षिकेनं मोबाइलवर फोटो पाठवला. घराच्या ओट्यावर श्रीखंडाचे दोन रिकामे डबे, दोन्हींत काळी माती. एकातून वीतभर उंचीचं, जरा वाकडं, गडद हिरवं रोप वर आलेलं. दुसऱ्यात नुसती माती, वर बुरशीचा पांढरा ठिपका. डब्यांवर कागद चिकटवलेले, पेनानं लिहिलेले. पहिल्यावर ‘कच्चा, १४ व्या दिवशी बाहेर’. दुसऱ्यावर ‘उकडलेला. अजून वाट बघते आहे.’